गोधडीतला भात

अन्न तपासणाऱ्या खात्यातल्या त्या निरीक्षकांना सगळे काडीमामा म्हणत. पेनाच्या खिशात तापमापकाची काडी, आणि ताट दिसलं की ती बाहेर. बायको म्हणायची, यांना वाढायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं. लग्नाच्या आमंत्रणाबरोबर कानात निरोपही यायचा, की मामा, काडी तेवढी घरी ठेवून या. मामा हो म्हणायचे आणि घेऊनच जायचे.

एकदा कपडे शिवायच्या कारखान्यातून फोन आला. दुपारपाळीची एकतीस माणसं जेवून दोन तास होतात न होतात तोच ओकायला लागली होती. सकाळपर्यंत सगळी सावरली, व्यवस्थापक मात्र सावरला नव्हता. मामा पोहोचले तर खानावळीला कुलूप, आणि बाहेर स्टुलावर स्वयंपाकीण अक्का, बावीस वर्षं त्याच चुलीपुढे उभी राहिलेली. व्यवस्थापकाने निकाल लावूनच ठेवला होता. अंडी नासकी होती, अंडी निवडते ही, तुमचा कागद आला की हिला कायमची घरी पाठवतो.

मामा सरळ कामगारांकडे वळले. आजाऱ्यांची चौकशी कोणीही करतं, मामा धडधाकटांच्या मागे लागायचे. सकाळपाळीने तोच भात, तीच अंडी खाल्ली होती आणि सगळे ठणठणीत. दुपारपाळीतली एक मुलगी वजनाच्या धास्तीने भाताला शिवली नव्हती, पण अंडी मात्र तिने दोनदा घेतली होती. तीही ठणठणीत. अंडी सुटली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मामांनी अक्काला सांगितलं, रोज करता तसंच करा, मी नुसता बसतो. उजाडता उजाडता अक्काने कमरेएवढ्या पातेल्यात भात केला, झाकण घातलं, आणि वर कारखान्यातल्या चिंध्यांची, स्वतः शिवलेली जाड गोधडी गुंडाळली. दुपारच्या लेकरांना गार भात वाढायचा का, म्हणाली. मामांनी दहा वाजता काडी खुपसली, अठ्ठ्याहत्तर अंश. एकला एकसष्ट. चारला चव्वेचाळीस. भातात एक जंतू असतो, मोठा चिवट, उकळीलाही पुरता मरत नाही. साठाच्या वर दबून असतो, फ्रिजात झोपून असतो. चव्वेचाळीस म्हणजे त्याचं माहेरच.

मग इतकी वर्षं कसं निभावलं? दुपारपाळी एकला जेवायची म्हणून. मशिनं थांबायला नकोत, असं म्हणत व्यवस्थापकानेच त्याच दिवसापासून ते जेवण चारवर ढकललं होतं.

अक्काने सगळं ऐकलं. गोधडीची घडी घालत म्हणाली, "म्हणजे माझ्या मायेनंच पोरं आजारी पडली."

"मायेला कोण नावं ठेवतंय, अक्का? तिला तीन तास जास्त राबवलं, एवढंच."

व्यवस्थापकाचं तुणतुणं चालूच होतं, कोणाला तरी काढायला हवंच, नाहीतर लोक काय म्हणतील. मामांनी कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, दुसरी शेगडी आणा, दुपारचा भात तीनला ताजा करा.

"हिला काढाल तर नवी येईल," मामा म्हणाले, "आणि ती बरी बाई असली तर तीही गोधडीच घालेल. शेगडी वाढवा, अक्का कमी करू नका."

व्यवस्थापकाने डोकं खाजवलं आणि सही केली.

सोमवारी शेगडी आली. चार वाजता ताज्या भाताची वाफ खिडकीबाहेर जात होती, आणि दुपारपाळी ताटं घेऊन दारातच खोळंबली होती. ज्याचं पोट एकदा पोळलंय त्याला पुढे हो कोण म्हणणार? अक्का डाव हातात धरून उभी.

शेवटी एक आडदांड इस्त्रीवाला, सगळ्यांत आधी ओकलेला, पुढे झाला आणि त्याने ताट धरलं.

"वाढा अक्का. आणि त्या दिवसाचाही वाढा, तो काही पोटात राहिला नाही."

रांग खदखदली आणि सरकली. अक्काने त्याला दोन डाव जास्तच वाढले.