धावपट्टी वाढत होती तेव्हा

आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि सवतीचं नाव तर कुणीच घेत नाही. म्हणून इथे दोघांचीही नावं येणार नाहीत. नवरा म्हणजे आमचे हे. विजेच्या कामावरचे ओव्हरसीअर, साधा माणूस, बडीशेप सोडली तर कसलं व्यसन नाही. आणि सवत म्हणजे लांब दक्षिणेकडचं, समुद्राकाठचं एक विमानतळ. हसा, खुशाल हसा. माझ्या बहिणीही हसायच्या. पण ऐन उमेदीच्या वर्षांत माझा नवरा त्या विमानतळाने ठेवून घेतला होता, आणि मी वाशीच्या तळमजल्यावर वाट बघत बसले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही वाशीला फ्लॅट घेतला. गिरगावातल्या एका खोलीतून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतःचा संडास. मी तर हरखूनच गेले होते. माहेरचे म्हणाले, "जंगलात चाललीस की गं!" खोटं नव्हतं ते. खाडीवरचा पूल ओलांडला की नुसतं गवत, खणलेले रस्ते आणि प्लास्टर न झालेल्या इमारती. संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आमच्या इमारतीत निम्म्या घरांना कुलपं, कारण लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते, राहायला यायची हिंमत होत नव्हती. आम्ही आलो. वास्तुशांत माघात करायची ठरली होती. गवंड्याने स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी मुद्दाम सुटी ठेवली होती, पूजेच्या दिवशी तिच्याखाली वास्तुपुरुष ठेवायचा म्हणून.

तेवढ्यात यांची ऑर्डर आली. किनाऱ्यावरच्या त्या विमानतळावर विजेचं काम निघालं होतं, वर्षभराचं. "वर्ष म्हणजे काय गं, असं निघून जाईल," हे म्हणाले. मीही शहाणी, म्हटलं, जा. माझी फोर्टात टायपिस्टची नोकरी होती, ती सोडून तिथे जाऊन करणार काय? आणि नवंकोरं घर कुलूप लावून ठेवायला जीव होत नव्हता. वास्तुशांत काय, आल्यावर घालू.

पहिल्या खेपेला हे घरी आले तेव्हा त्या विमानतळाची नुसती टिंगल करत होते. पत्र्याची एक शेड, सामान तोलायचा एक काटा, दोन बाकडी. विमान यायच्या आधी एक माणूस सायकलवरून धावपट्टीवर जाऊन गुरं हाकलून यायचा. विमान दिवसाला एखादं, आणि त्यातून उतरणार कोण, तर दोन-चार व्यापारी, एखादा आजारी माणूस आणि झिपऱ्या वाढवलेले गोरे. "हे कसलं विमानतळ? एस्टी स्टँड बरा," असं म्हणून हे पोट धरून हसले. मीही हसले. मला वाटलं, असल्या ठिकाणी कितीसं काम असणार! हे लवकरच परत येतील.

पण तिकडे समुद्र होता ना. स्वच्छ वाळू, माडांच्या रांगा. मुंबईची माणसं सुट्टीला तिथे जायला लागली. किनाऱ्यावर हॉटेलं झाली. मग मोठी विमानं उतरायला हवीत म्हणून धावपट्टी लांबवायचं ठरलं आणि त्यासाठी शेजारची टेकडी कापायला घेतली. धावपट्टी लांबली की दिवे आले, दिवे आले की हे आले. काम वर्षाने वाढलं, पुन्हा वर्षाने वाढलं. ते संपतंय तोवर शेड पाडून नवी इमारत बांधायचं निघालं. दर खेपेला हे नवीन काहीतरी सांगायचे, आणि सांगताना यांचे डोळे चमकायचे. टिंगल कधीच बंद झाली होती. "आमचं विमानतळ" म्हणायला लागले होते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझी तव्यावरची पोळी करपली.

आता खरी मेख सांगते. तिथला सीझन म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि पुन्हा वैशाखात, शाळांना सुट्ट्या पडल्या की. तेव्हा यांना रजा मिळणं शक्यच नाही. रजा मिळायची ती पावसाळ्यात, समुद्र खवळलेला आणि पर्यटक घरी बसलेले असताना. आणि पावसाळा म्हणजे चातुर्मास. चातुर्मासात आमच्या घराण्यात वास्तुशांत करत नाहीत. सासूबाई गावाहून ठणकावून सांगायच्या, "देव झोपलेले असताना कसली पूजा घालता?" म्हणजे देव जागे असले की माझा नवरा विमानतळावर, आणि नवरा घरी आला की देव झोपलेले. सांगा, यातून वाट कशी काढायची?

त्या सुट्या फरशीवरून चालताना टक् टक् वाजायचं. एकट्या घरात तो आवाज फार मोठा वाटतो. सासूबाई दर वर्षी गावाहून महिनाभर राहायला आल्या की विचारायच्या, पाळणा कधी हलणार. एकदा मी वैतागून तोंडावर म्हटलं, "त्याला नवरा घरी लागतो, आई." गावी परत जाईपर्यंत बोलल्या नाहीत माझ्याशी. मला त्याचंही वाईट वाटलं, कारण बोलणारं माणूस एक कमी झालं.

बोलायला होती ती एक मासेवाली. खाडीकाठच्या गावची, आगरी, माझ्याच वयाची. रविवारी सकाळी पाटी घेऊन दारात बसायची. मी खाणारी एकटी, मला कितीसे मासे लागणार? पण तिने बसावं म्हणून मी भाव करत राहायची, आणि तिलाही ते कळायचं. "बाय गो," ती म्हणायची, "तुजा दादला सगल्या दुनियेला इमानान बसवतंय, आन तुला कवा नेनार?" मी म्हणायची, "नेतील, नेतील." "घराची पूजा तरी घातलीस का?" "नाही अजून." मग ती कानशिलावर बोटं मोडायची आणि म्हणायची, "असं उघडं घर ठेऊ नको गो बाय." ती उठून गेली की मी दार लावून मोठ्याने रेडिओ लावायची. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, काहीही.

मग नवी इमारत पुरी झाली. त्या पावसाळ्यात हे आले ते फोटोच घेऊन. काचेची भिंत, सामान फिरवणारा पट्टा, पंख्यांच्या ओळी. एका फोटोत हे पाटावर बसलेले, अंगावर उपरणं, कपाळाला गंध, समोर होम.

"हे काय?" मी विचारलं.

"वास्तुशांत केली कंत्राटदाराने नव्या इमारतीची. यजमान कोण बसणार? साहेब परजातीचे, धाकट्या ओव्हरसीअरचं लग्न व्हायचंय. म्हणाले, तुम्हीच बसा."

"एकटे बसलात?"

"छे, पूजेला जोडी लागतेच. गुरुजी म्हणाले, पत्नी जवळ नसेल तर तिच्या जागी सुपारी चालते. कमरेला खोचली की झालं." हे अगदी खुशीत सांगत होते, एखादी चांगली सोय सापडली तसं.

माझ्या डोक्यात सण्णकन गेलं. आमच्याकडे सुपारी खोचून बसतात ते बायको गेलेले. माझ्या मामांना मी तसं बसलेलं पाहिलं होतं, मामी गेल्यानंतर, मामेबहिणीच्या कन्यादानाला. "जिवंत बायकोची सुपारी केलीत तुम्ही!" मी ओरडले. "माझं घर इतकी वर्षं तसंच पडलंय, आणि तुम्ही तिच्या घराची पूजा घालून आलात?"

"कुणाच्या?" हे गोंधळून म्हणाले.

खरंच कळलं नाही हो यांना. तेच जास्त लागलं.

हे परत गेल्यावर मी रागाच्या भरात पनवेलच्या गुरुजींकडे गेले. म्हटलं, मी बसते पूजेला, यांच्या जागी सुपारी ठेवा. गुरुजी मऊ माणूस, पण ताडकन म्हणाले, "छे छे, बाईमाणसाने सुपारी घेऊन बसायची रीत नाही. यजमान हवेतच. नाहीतर दीर-जाऊ बसवा."

"दीर येणार आहेत का इथे राहायला?"

गुरुजी पंचांग चाळायला लागले. मी उठून आले. बसमध्ये खिडकीशी बसून रडले, तोंडावर पदर घेऊन. बायकोची सुपारी होते, नवऱ्याची होत नाही. हा कुठला न्याय?

त्या हिवाळ्यात मी रजा टाकली आणि एस्टीने तिकडे गेले, न कळवता. माझ्या मनात सगळं ठरलं होतं: बिचारा माणूस, मेसचं जेवण, एकटी खोली, मला बघून रडेलच. विमानतळावर पोहोचले तर काय गर्दी! परदेशातून थेट आलेलं विमान नुकतंच उतरलं होतं. लाल तोंडांचे गोरे, मुलंबाळं, हातात लोकरीचे कोट. बाहेर टॅक्सीवाले, हॉटेलांच्या पाट्या धरलेली माणसं, शहाळीवाले. ज्या शेडची आम्ही टिंगल केली होती तिचा मागमूस नव्हता.

आणि त्या गर्दीत हे. इस्त्रीचा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. जो तो यांना हाक मारत होता, हे प्रत्येकाला नावाने उत्तर देत होते. शहाळीवालीने यांना न विचारता शहाळं फोडून दिलं. आमच्या घरी हे जेवताना मान खाली घालून जेवतात, चार शब्द बोलत नाहीत. इथे हे हसत होते, हातवारे करत होते. मी खांबाआड उभी राहून बघत होते. मला पुढे व्हायला लाज वाटायला लागली. मी या माणसाची कोण, असं काहीतरी वाटलं.

शेवटी यांनीच पाहिलं. आधी घाबरले, मग आनंदले, खोटं का सांगू. आणि लगेच म्हणाले, "ये, तुला सगळं दाखवतो." नवी इमारत दाखवली, विजेची खोली दाखवली, जाळीच्या कुंपणापाशी नेऊन लांबवलेली धावपट्टी दाखवली. पलीकडे समुद्र दिसत होता. यांना राहायला दिलेल्या खोलीच्या दारात कढीलिंबाचं झाड होतं, यांनी लावलेलं, माझ्याहून उंच झालेलं. ते पाहिलं आणि माझं अवसान गेलं.

"मला नाही राहवत आता एकटीला," मी म्हटलं. "मी घरात भिंतींशी बोलते. रविवारी मासेवाली आली नाही तर दिवसभर माझा आवाज फुटत नाही. तुम्ही इथे सुखात आहात, मी बघितलं. पण मी तिथे मरत्येय. एकदा काय ते सांगा. यायचंय की नाही?"

यांनी हातातला चाव्यांचा जुडगा खिशात टाकला. मग म्हणाले, "तू हे आधी का नाही सांगितलंस?"

मला वाटलं होतं, सांगायला लागतच नाही.

यांनी बदलीचा अर्ज केला. वरच्यांनी खळखळ केली, सीझन संपू द्या म्हणाले, पण यांनी ऐकलं नाही. माघात हे आले, ऐन सीझनमध्ये, ट्रंक आणि वळकटी घेऊन, कायमचे. वाशी तोवर वाशी राहिली नव्हती. समोरच्या गवताची सोसायटी झाली होती, कोल्हे कुठे गेले कोण जाणे. मुहूर्त चार दिवसांवर होता. सासूबाई आल्या, बहिणी आल्या, पनवेलचे गुरुजी आले आणि माझ्याकडे बघायचं टाळून मंत्र म्हणत राहिले. आम्ही जोडीने पाटावर बसलो. वास्तुपुरुष फरशीखाली गेला, गवंड्याने सिमेंट घालून ती बसवून टाकली. मासेवाली त्या दिवशी पाटी न घेता आली, नवं लुगडं नेसून, आणि यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "हा हाय व्हय तुजा दादला!" सगळ्या हसल्या. मी इतकी सुखात होते की मला जेवण गेलं नाही.

दुपारी पाहुणे पांगले. सासूबाई बाहेरच्या खोलीत लवंडल्या. मी भांडी आवरून आत गेले, तर हे खोलीच्या दारात उभे, हातात उशी, अजून पूजेचं धोतर नेसलेले. पलंगाकडे बघत होते, आत पाऊल टाकत नव्हते. रजेवर यायचे तेव्हा आम्ही खाली गाद्या घालायचो, पलंग माझ्या एकटीचाच.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले, कुणाकडे उतरलेला माणूस यजमानीणबाईंना विचारतो तसं हळूच. "मी कुठल्या बाजूला झोपू?"

मी पलंगापाशी गेले आणि माझी उशी आधी भिंतीकडे सरकवली, मग खिडकीकडे. इतकी वर्षं मी मधोमधच झोपत आले होते.