उजव्याची डावी केलेली जीप

बडोद्यात तेव्हा जुन्या जीपचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणून देणारे काही मिस्त्री होते आणि त्यांना कामाची ददात नसे. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीपगाड्या डाव्या हाताच्या असत, म्हणजे चालवणारा डावीकडे बसे. आपल्या रस्त्यांवर ते गैरसोयीचं, म्हणून गाडी घेणारा आधी ते काम उरकून घेई. आमची जीपही अशीच उजवी झालेली होती. माझ्या नवऱ्याने ती परत डावी करून घेतली, तेव्हा माझा संशय पक्का झाला. नेमका कसला संशय, ते मला सांगता आलं नसतं, पण पक्का झाला एवढं खरं.

मी मुळात संशयीच आहे. शाळेत गणित शिकवायचे, आणि परीक्षेला माझं पर्यवेक्षण आलं की वर्गातली अर्धी मुलं तोंड पाडून बसायची. कॉपी करणारं मूल हातावरून कळत नाही, मानेवरून कळतं. विनाकारण वळलेली मान मला कोपऱ्यातूनही दिसे. घरी आल्यावर मी हा स्वभाव चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा, असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. ते मला कधी जमलं नाही.

हे नंदेसरीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला होते. आठवडाभर पंप आणि व्हॉल्व्ह, आणि रविवारी जीप. ते दिवस असे होते, की दर महिन्याला अकोट्यातल्या आमच्या सोसायटीत एखादी नवी, बंद काचांची, आतून थंडगार गाडी यायची आणि पेढे वाटले जायचे. ह्यांना त्यातली एकही आवडली नाही. "त्यात बसलं की रस्ता कळतच नाही," म्हणायचे. आमच्या जीपला चारही चाकांना ताकद देणारा वेगळा दांडा होता. तो ओढून महीच्या कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या त्या मातीच्या घळींत, गाडी उतरवायची आणि पुन्हा वर काढायची, हा ह्यांचा आनंद. चार-पाच जीपवाल्यांचा घोळका बरोबर असे. संध्याकाळी हे धुळीने माखून घरी येत आणि मी त्यांना मोरीचा रस्ता दाखवत असे.

मग जीपमध्ये बारीकसारीक बदल व्हायला लागले. आधी पुढच्या बंपरच्या डाव्या टोकाला कंबरेइतकी उंच दांडी आली, वर लाल गोळा. "कोतरात डावं चाक कुठे आहे ते कळावं म्हणून," हे म्हणाले. मी म्हटलं, "आजवर कसं कळत होतं?" मग डाव्या बाजूला ट्रकचा भलामोठा आरसा आला. मग कॅनव्हासचं डावं दार निघालं. प्रत्येक वेळी कारण तयार, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं. मला तेच खटकत होतं. खरं बोलणाऱ्याला इतकी कारणं लागत नाहीत.

शिवाय मान. चहा घेताना, फाटक उघडताना, अंगणात उभं राहताना ह्यांची मान डावीकडे वळायला लागली होती. आमच्या डावीकडच्या बंगल्यात एक बाई नुकत्याच भाड्याने राहायला आल्या होत्या. दिसायला छान, गाणं शिकवायच्या. आता तुम्ही काहीही म्हणा, पण मी माझी खुर्ची अंगणात अशी हलवली, की त्या बंगल्याच्या आणि ह्यांच्या मध्ये मी येईन. मान वळायची थांबली नाही. उलट एकदा हे माझ्याकडे वळून दचकले आणि म्हणाले, "तू कधी आलीस?" मी अर्धा तास तिथे बसले होते. मला भयंकर राग आला.

त्यातच घोळक्यातले एक गृहस्थ भाजीबाजारात भेटले. अस्सल बडोदेकर मराठी. "काय वहिनी, साहेब हल्ली येत नाहीत ते? जीप विकली की काय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत माझ्या पिशवीतले टोमॅटो चेपले होते, इतकी ती पिशवी मी घट्ट धरली होती. कारण हे तर दर रविवारी जीप घेऊन जात होते. आणि हल्ली धूळ न लागता परत येत होते.

मी विचारलं नाही. पर्यवेक्षणात हाच नियम असतो. मूल कॉपी करताना दिसलं की लगेच ओरडायचं नाही, जरा जवळ जाऊन उभं राहायचं. जवळ जायची संधी ह्यांनीच दिली. एका शनिवारी म्हणाले, "उद्या तूही चल ना. दोघंच जाऊ. वाटेत सेव-उसळ खाऊ."

लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्यांनी मला कोतरात नेलं नव्हतं. "तू घाबरशील," हे ठरलेलं उत्तर. आता अचानक एवढं प्रेम? मी हो म्हटलं, आणि त्याच दिवशी एका मैत्रिणीकडे जाते सांगून ह्यांच्या नेहमीच्या, डभोई रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे रिक्षाने गेले. किरकोळ कामाला म्हणून सोमवारपासून जीप त्याच्याकडेच होती, काम संपत आलं होतं. स्टिअरिंग डावीकडे बसलेलं मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

"बेन, बधा डाबानुं जमणुं करावे," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "साहेब जमणानुं डाबुं करावे छे." सगळे डाव्याचं उजवं करून घेतात, आमचे साहेब तेवढे उलटे.

"केम?" मी विचारलं.

"साहेबने पूछो ने!" असं म्हणून तो हसत गाडीखाली शिरला.

संध्याकाळी हे जीप घेऊन आले. साहेबांना न विचारताच त्यांनी सांगितलं, "मूळची अशीच होती. लष्करात अशीच चालायची. जुनी गाडी तिच्या मूळ रूपात ठेवावी." मग किल्ली खिळ्याला अडकवत, "फक्त पुढच्या गाडीला ओलांडताना समोरचं मला दिसणार नाही. ते तू उजवीकडे बसून सांगायचं."

म्हणजे मला न्यायचं कारण हे. प्रेम वगैरे काही नाही. मी वाईट वाटून घेतलं आणि साडीवर घालायला कॅनव्हासचे बूट काढून ठेवले.

रविवारी सकाळी आम्ही महीवर गेलो. सबंध रस्ता हे बायकोला फिरायला नेणाऱ्या माणसासारखे नव्हे, तर मुलाखतीला निघालेल्या माणसासारखे बसले होते. कोतराच्या तोंडाशी जीप थांबली. खाली उतरणारी वाट अरुंद होती. उजवीकडे मातीची भिंत आणि डावीकडे घळ. अशा ठिकाणी एकाने खाली उतरून पुढे उभं राहायचं असतं आणि चालवणाऱ्याला हातांनी दाखवायचं असतं, थोडं इकडे, थोडं तिकडे, थांब. घोळक्यात हे काम तो भाजीबाजारातला मित्र करायचा. आज ते माझ्याकडे आलं.

मी वाटेच्या डाव्या कडेला, म्हणजे ह्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले, कारण घळ तिथून दिसत होती. ह्यांनी तो वेगळा दांडा ओढला आणि जीप हळूहळू उतरायला लागली. डावं चाक कडेच्या फार जवळ आलं. मी हात वर केला. थांबा.

जीप थांबली नाही. मी दोन्ही हात वर केले. जीप येतच राहिली. हे समोर बघत होते, अगदी लक्ष देऊन, कपाळाला आठ्या घालून. बंपरवरच्या दांडीचा तो लाल गोळा माझ्या पदराला लागला, तेव्हा मी किंचाळून ह्यांच्या उजवीकडे, भिंतीच्या बाजूला उडी मारली. तत्क्षणी ब्रेक लागला.

"अगं, कुठे गेली होतीस?" हे ओरडले. "मी किती वेळ बघतोय!"

मी जीपच्या पुढे पदर सावरत उभी राहिले. पण डोकं चालत होतं, माझं डोकं अशा वेळी फारच चालतं. मी पाय न वाजवता पुन्हा ह्यांच्या डावीकडे दोन पावलं सरकले. ह्यांची नजर जिथल्या तिथे राहिली. मी तिथे उभी राहून ह्यांना वाकुल्या दाखवल्या. जीभ काढली, कानांशी बोटं हलवली. माझ्यासारख्या शिस्तीच्या बाईने असं काही केलेलं दिसलं असतं, तर ह्यांना ते आठवडाभर हसायला पुरलं असतं. हे गंभीरपणे मातीकडे बघत होते. मग म्हणाले, "अगं, आहेस ना तिथे?"

दांडी, आरसा, काढलेलं दार, वळणारी मान, दचकणं, घोळका सोडून एकट्याने डांबरी रस्त्यावर फिरणं, डावीकडे आणलेली सीट. डावीकडचं जग ह्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते डाव्या टोकाला जाऊन बसले होते, सगळी गाडी आणि सगळा रस्ता उजवीकडे यावा म्हणून. मला रडू कोसळलं, आणि रडतारडता मी इतकी भांडले, की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"म्हणून," हे म्हणाले. मग हलकेच, "चष्मेवाला म्हणाला होता, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. गेलो नाही. ते काय सांगतील ते माहीत होतं."

वाट अशी होती, की तिथून जीप फक्त हेच काढू शकत होते. मी ह्यांच्या उजवीकडे बसले आणि वळून डावीकडचं सांगत राहिले, दगड, घळ, पुढे रस्त्यावर सायकलवाला, म्हैस. सेव-उसळ राहून गेली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि ह्यांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. काचबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ संपला होता, उजव्याची नाकाकडची बाजू जायला लागली होती. "गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "राहिलेलं राखू या. गाडी मात्र बंद." आधी आला असतात तर, हे वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मी ते मनात पुरं केलं आणि अजून अधूनमधून करते.

किल्ली ह्यांनी न भांडता दिली. एवढ्या सहज दिली, म्हणून मी विश्वास ठेवला नाही. आडरानात जीप सोडताना हे इंजिनातला रोटर नावाचा सुपारीएवढा तुकडा काढून खिशात टाकत, म्हणजे चोराला गाडी सुरू करता येत नसे. मी तोच तुकडा काढला आणि मेथीच्या डब्यात तळाशी ठेवला. ह्यांनी बॉनेट उघडून बघितलं की नाही, मला माहीत नाही. पण थेंब टाकून झाले की संध्याकाळी हे अंगणात उभ्या जीपमध्ये जाऊन बसायचे, हात स्टिअरिंगवर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. ते बघणं मला सोसेना.

म्हणून मी शिकले. त्या वयात, साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून. क्लच सोडताना जीप उड्या मारायची आणि शेजारच्या गाणाऱ्या बाई गच्चीवर येऊन बघायच्या. आता रविवारी महीवर मी नेते. कोतरात उतरायचं नाही, वरूनच बघायचं, हा माझा नियम. जीप पुन्हा उजवी करून घ्यायचं आमच्याकडून राहूनच गेलं. त्यामुळे मी डावीकडे बसते, हे उजवीकडे, आणि ह्यांच्या हिशेबी मी गाडीत नसतेच. वाटेत मधूनच ह्यांचा हात चाचपडत माझ्या दंडापाशी येतो.

"आहेस ना?"

"आहे," मी म्हणते. "समोर बघा."

हा हात मला शोधायला येतो की माझा ब्रेक वेळेवर लागेल ना या काळजीने, याचा मला अजून संशय आहे. मी विचारत नाही. दर वेळी दंड जरा उजवीकडे सरकवून ठेवते.