शेपटीवरचा वण

व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मी प्रकाशा गावाजवळच्या आमच्या तापीकाठच्या शेतावर देखरेख करत होतो. भुईमूग काढायला एक बाई यायची. नाव मी कधी विचारलं नाही. वेल उपटण्याआधी ती मातीवर हलकेच थाप मारायची, झोपलेल्याला उठवावं तशी.

एकदा रेतीतून जाड, तपकिरी साप निघाला आणि तिच्या मनगटाला विळखा घालून बसला. त्याच्या वर उठलेल्या बोथट टोकावर मी कुदळ उगारली. ती जागची हलली नाही.

“मारू नका, भाऊ. मांडूळ शे, इख नही. भ्याला का डोकं खाले लपाडस, शेपटी वर करस.”

तिने ते टोक माझ्याकडे वळवलं. त्यावर जुना, खोल वण होता.

“आधी बी कोन्ही तुमनासारखाच घाबरेल व्हता.”