बाप जिता असताना मिशी काढलेला नाथाजी

नाथाजीची मिशी लय मोठी हुती असं काय न्हाई. पर तिची निगा बायकूपरीस जास्त. सकाळी सायकलचं दुकान उघडलं की आधी खोबऱ्याचं तेल लावून दोन बोटांनी पिळायचा, मंग पंपाला हात. दुकान वडूजच्या कचेरीसमोर, लिंबाखाली. माणूस पलटणीतनं आलेला. बर्माच्या लढाईत हुता, पर लढाईच्या गोष्टी सांगायचा न्हाई. इचारलं की म्हणायचा, "चिखल हुता रं, दुसरं काय." तोंडानं फाटका. कुणाचं भांडाण दिसलं की हातातला पाना टाकून मधी घुसायचा. त्याची बायकू जाईबाई म्हणायची, "आवं, आधी पंक्चर काढा की. जगाचं काय काढत बसलाय!"

दुकान कचेरीसमोर, म्हणून पोलिसांना माणूस लागला की हाक नाथाजीलाच. पंचनाम्याला पंच पायजे, चल नाथाजी. ओळख परेडला माणसं पायजेत, चल नाथाजी. ओळख परेड म्हंजी काय ते मला त्येनंच सांगितलं. पोलिसांनी संशयावरनं एखाद्याला धरला, तर त्येला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सात-आठ जणांत हुबा करायचा. परेड मामलेदारानं घ्यायची, पोलिसांनी भाईर थांबायचं. मंग ज्यानं चोर बघितलाय त्येनं येऊन हात लावायचा. नाथाजी तसल्या रांगंत कैक येळा हुबा ऱ्हायलेला. "एका चोरानं शेजारी हुबा ऱ्हाऊन माझ्याकडं तंबाखू मागितली," म्हणायचा, "दिली. त्येला बी घोर असतोयच की."

मला ह्या समद्याची गंमत वाटायची. चौसष्ट साली गुंडाला धरला, तवा गंमत गेली.

गुंडा माझा दोस्त, रामोसवाडीचा. एकाच दिशी आमी शाळा सोडली, एकाच तालमीच्या मातीत लोळलो. त्याचा बाप वारला. दहाव्याला अस्थी घेऊन त्यो एकलाच माहुलीच्या संगमावर गेला. तिथं डोकं भादरलं, मिशी काढली. एष्टी चुकली, तवा गडी चालतच निघाला. त्याच सांजंला हिकडं मायणीच्या रस्त्याला हरणाबाईच्या गळ्यातली बोरमाळ कुणीतरी हिसडा मारून नेली. हरणाबाई म्हंजी विट्याकडची म्हातारी, बाजारला लोणी घेऊन यायची. तिनं ठाण्यात सांगितलं, गडी काळा, दांडगा, डोकं बोडकं, मिशी न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी गुंडा त्याच रस्त्यानं घरला निघालेला. आधीच रामोशाचं पोर, त्यात बोडकं. जमादारानं उचलून आत घातला. बापाच्या तेराव्याला पोरगा कोठडीत.

मी तडक नाथाजीच्या दुकानात गेलो. डोकं फिरलेलं.

"त्या म्हातारीला गाठतो," मी म्हटलं. "गुंडाचं नाव घेतलंस तर बघ म्हणतो."

नाथाजीनं पाना खाली ठेवला आन् माझ्या कानाखाली एक वाजवली. "जा की. साक्षीदाराला दम दे. मंग न केलेला गुन्हा बी केल्यागत दिसतोय. बस खाली, गाढवा."

बसलो.

"माळ घावली का गुंडापाशी?"

"न्हाई."

"कबूल झालाय का?"

"जमादार म्हणतोय, दोन दिसांत व्हईल."

"झाला तरी पोलिसांपुढं कबूल झालेलं कोर्टात चालत न्हाई. मॅजिस्ट्रेटापुढं नेलं तवा काय म्हणाला?"

"मी न्हवं म्हणाला."

"बेस केलं. आता ह्यांच्यापाशी त्या म्हातारीबिगर काय न्हाई. परेडीत तिनं हात लावला की गुंडा साताऱ्याच्या जेलात. न्हाई लावला की घरला."

"मंग झालं की. त्येनं केलंच न्हाई."

"आरं येड्या, सात मिशावाल्यांत एक बोडका हुबा केला, तर ती हात कुणाला लावंल?"

मामलेदारालाबी तेच दिसलं. माणूस सरळ हुता. जमादार म्हणाला, समद्यांच्या डोक्याला पटकं बांधू. मामलेदार म्हणाला, "बाईनं उघडं डोकं बघितलंय. आणि मिशांना काय बांधणार? याच्यासारखीच माणसं आणा, नाहीतर मी परेड घेणार नाही." त्यो पुण्याकडचा, रोज मिशीसकट दाढी गुळगुळीत करणारा. त्येला वाटलं, वस्तऱ्याचं तर काम, किती येळ लागंल.

आमच्याकडं बाप मेल्याबिगर मिशीला वस्तरा लावत न्हाईत. बाप जिता असताना काढली तर त्येला जित्तेपणी पोचवल्यागत. नाथाजी बाजारभर फिरला. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. एक गाडीवान म्हणाला, "माझा बाप वर गेला व्हय? तुझा गेलाय का? मंग आधी तुझी काढ की!"

नाथाजी भांडाण न करता माघारी फिरला. हे मी पयल्यांदाच बघितलं.

कारण त्याचा बाप जिता हुता. आण्णा. सत्तरीच्या पुढचा, खाटंवर बसून जनावरांची दावी वळायचा. सांजंला नाथाजी त्याच्यापुढं जाऊन हुबा ऱ्हायला. मी दारात हुतो.

"आण्णा, मिशी काढायची म्हणतोय."

"कुणाची?"

"माझी."

आण्णाचा हात थांबला. "मी हाय न्हवं अजून?"

आतनं जाईबाई धावत आली. "काय इपरीत बोलताय! सासऱ्याच्या तोंडावर! त्या परेडीला दुसरी माणसं न्हाईत व्हय तालुक्यात?"

"न्हाईत," नाथाजी म्हणाला. "म्हणून तर." मंग त्येनं समदं सांगितलं. गुंडाचं, हरणाबाईचं, मामलेदाराचं. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

आण्णानं दावं बाजूला ठेवलं. मंग म्हणाला, "मी गेल्यावर तू बोडका कसा दिसशील, ते मला तवा कुठं बघाय मिळायचं? काढ. बघून घेतो." आन् जाईबाईकडं वळून, "सूनबाई, कुणी रडाय आलंच तर सांग, म्हातारा चार भाकरी खातोय. चौथी जरा जाड थाप."

जाईबाई रडत रडत हसली.

दुसऱ्या दिशी आप्पासो न्हाव्यापुढं पयला मी बसलो. माझा बाप कवाच गेलेला, मिशी बी कोवळी, माझं काय त्यात. मंग नाथाजी बसला. वस्तरा वठावर आला तवा त्येनं डोळं मिटलं. उठला तवा वळखू येईना, मोठ्या पोरागत दिसत हुता. तसाच बाजारातनं गेला. एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया, आण्णा गेलं?" नाथाजी म्हणाला, "भाकरी खातोय." सगळ्या बाजारात ह्येच.

पर त्येला तसा बघितला आन् माणसं यायला लागली. धोंडिराम गवंडी आला. त्यो बौद्ध. म्हणाला, "आमी छपन्न सालापास्नं ही कामं सोडल्यात. मेलेल्यासाठी न्हाई काढत. गुंडा जिता हाय, त्याच्यासाठी काढतो." तालमीतली चौघं आली. त्यातल्या दोघांनी आपापल्या बापाला इचारलंच न्हाई, घरी मंग काय झालं ते त्यांचं त्यांनाच ठावं. आप्पासो वस्तरा परजत म्हणाला, "आज समद्या वडूजचं बाप एकदम मेलं म्हणायचं!"

मामलेदारानं आमाला बघितलं आन् मान हलवली. आमची टकुरी नव्यानं भादरलेली, पांढरीफेक. गुंडाचं डोकं उन्हानं काळवंडलेलं, वर खुंट. "हे तर लगेच कळेल," म्हणाला. मंग आप्पासोला कोठडीत नेऊन गुंडाचं बी परत भादरलं. चुलीतली काजळी तेलात कालवून समद्यांच्या डोक्याला चोळली, गुंडाच्या बी. आठ घोटलेल्या कढया दिसत हुतो.

कचेरीच्या मागच्या खोलीत आमी रांगंत हुबं. गुंडाला तोंडावर टॉवेल टाकून आणला, म्हंजी वाटंत कुणी बघू नये. टॉवेल काढला. त्येनं आमाला बघितलं, आन् नाथाजीला बघून घाबरलाच.

"नाथाजी, आण्णा गेलं?"

"भाकरी खातोय. गप हुबा ऱ्हा."

मामलेदारानं पोलिसांना भाईर काढलं. गुंडाला म्हणाला, "तुला पाहिजे तिथं उभा राहा." त्यो नाथाजीच्या आन् माझ्या मधी आला. त्याचा दंड माझ्या दंडाला लागत हुता, तालमीत लागायचा तसा.

हरणाबाई आली. बारीक म्हातारी, गळा मोकळा. आमाला बघितलं आन् दारातच थबकली. "आगं बाई," म्हणाली, "समदेच?"

"सावकाश बघा, आजी," मामलेदार म्हणाला. "तो यात असेल किंवा नसेलही."

ती एका टोकापास्नं निघाली. धोंडिरामापुढं थांबली. नाथाजीपुढं लय येळ थांबली, जवळ येऊन नाकाकडं बघितलं. गुंडापुढं थांबली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, हनुवटीकडं, मंग माझ्याकडं आली. शेवटापतुर गेली आन् परत फिरून आली.

"त्यो ह्यात न्हाई, साहेब."

"नक्की?"

"व्हय. त्याचं तोंड लांबट हुतं, पुढचं दात वर आलेलं. मला वाटलेलं, बोडका दिसला की वळखंन. एकच असता तर मी हात लावला बी असता. आता समदेच बोडके, मंग तोंडं बघावी लागली."

मामलेदारानं ते तसंच लिहून घेतलं.

भाईर पायरीवर गुंडाला शिपायासंगं बसवलेलं. हरणाबाई आमच्याकडं बघत थांबली. "तुमी समदे बोडके कशापायी झाला रं?" नाथाजीनं सांगितलं. तिनं इचारलं, "मंग खरंच कुणाच्या घरात गेलंय?"

गुंडानं मान वर केली. "माझ्या. बा गेला."

म्हातारी त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. "कशानं रं लेकरा?"

धरल्यापास्नं त्येला हे कुणी इचारलंच नव्हतं. मी बी न्हाई. गुंडा सांगाय लागला, बापाला खोकला कवा धरला, शेवटाला पाणी कुणी पाजलं. सांगता सांगता रडाय लागला. शिपाई दुसरीकडं बघत हुबा ऱ्हायला, त्येनं काय घाई केली न्हाई.

दुसऱ्या दिशी मॅजिस्ट्रेटानं गुंडाला सोडला. नाथाजीनं त्येला सायकलवर डबलसीट घालून रामोसवाडीला आईपाशी नेला. दोघांची टकुरी वाटंनं उन्हात चमकत गेली.

बोरमाळ अजून घावली न्हाई. पर आठवड्यातनं एकदा नाथाजी ठाण्याच्या दारात जाऊन जमादाराला इचारतो, "वर आलेल्या दाताचा मिळाला का? म्हातारी बाजारला आलीया." जमादार वैतागतो. म्हणतो, "नाथाजी, तुझा काय संबंध?" नाथाजी जागचा हालत न्हाई. आता गुंडा बी त्याच्यासंगं जाऊन हुबा ऱ्हातो.