म्होरल्याचं वारं

१९५७ सालचा माघ. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातला हैबती भर दुपारी कड्यावर म्हशी राखत होता. झाडाचं पान हलत नव्हतं. आभाळात फार उंच दोन लढाऊ विमानं पांढऱ्या रेघा ओढत एकामागं एक चालली होती. मागलं जरा खाली उतरलं, पुढच्याच्या रेघेखाली शिरलं आणि कुणी पाय धरून आपटावं तसं उलटं झालं. तीन गिरक्या. पंख तुटून वेगळा झाला.

तो पंख म्हशींत घुसला. दोन जागीच चिरल्या. तिसरी आतडी ओढत पळाली आणि कड्यावरून गेली. उरलेलं धूड पलीकडच्या दरीत पेटलं.

छत्रीला लोंबकळणारा वैमानिक वाऱ्याविना सरळ खाली आला, तो कपारीत आपटला. हैबतीनं कमरेचा दोर खाली सोडला, त्यानं तो काखेत बांधून घेतल्यावर त्याला वर ओढलं. दोर हातातून सरकला तेव्हा डाव्या अंगठ्याची साल निघाली. माणसाच्या दोन्ही मांड्या मोडल्या होत्या, तोंडातून रक्त येत होतं. घोंगडीच्या झोळीत त्याला पाठीवर बांधून हैबती उतरणीला लागला. एरवीची तासाभराची वाट. आज अडीच तास, कारण पाय एकदाही घसरून चालणार नव्हता.

"मी चुकलो नाही," साताऱ्याकडचा तो माणूस कानाशी म्हणाला. "दोष माझ्यावर ढकलतील."

"न्हाई चुकला, दादा. म्या बघितलंय. म्या सांगंन."

ओढ्यापाशी ओझं एकदम जड झालं. हैबतीनं ओळखलं. तरी झोळी खाली ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी कचेरीत जबानी झाली. लिहून घ्यायला भोरचे कारकून गंगाधरपंत.

"वारा होता?"

"न्हाई. वारं म्होरल्याचं व्हतं. ते मागल्याच्या अंगात शिरलं."

"म्हणजे विमानाच्या अंगात आलं म्हण की. घुमलं का?"

"तीन येळा घुमलं."

कचेरी हसली. पंतांनी लिहिलं, वाचून दाखवलं: साक्षीदार भोळसट, विमान अंगात आल्यागत घुमलं म्हणतो. चालवणाऱ्याचा हात चुकला असावा.

"कर अंगठा."

"न्हाई करत. भाऊसायेब, तुमी धरनाच्या पान्यात पवला असाल."

"लहानपणी. त्याचं काय?"

"पवनाऱ्या म्हशीच्या शेपटामागं कोन जातं का?"

पंतांचा टाक थांबला. "नाही. बाजूनं पोहायचं. मागं तिच्या पायांनी ढवळलेल्या पाण्यात माणूस उलटतो."

"तेच वर झालं. पानी दिसतं, वारं दिसत न्हाई."

पंतांनी कागद फाडला. दुसरा घेऊन लिहिलं: पुढच्या विमानानं ढवळलेल्या हवेत सापडून मागचं उलटलं. चालवणाऱ्याची चूक नाही.

"शेवटचं परत वाचा."

पंतांनी वाचलं. हैबतीनं अंगठ्याची चिंधी सोडली.

"अरे, साल नाही त्याला. उजवा दे."

"पुरुषाचा डावा लागतो न्हवं? उद्या कोनी म्हनंल, खोटा हाय."

त्यानं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबून धरला. रेघा उमटल्या नाहीत. शाई उमटली, रक्त उमटलं. पंतांनी बाजूला लिहिलं: हैबती कोंडिबा याचा अंगठा, माझ्यासमक्ष.