पोटच्या मुलाविरुद्ध

वेल्डरकाकांनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली, असं त्यांची बायको म्हणायची: लोखंड जोडलं आणि पोराला फोडलं. जिने, जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या एका शेडमध्ये ते चौतीस वर्षं होते. ठिणग्यांनी हातांची चाळण झालेली, डोळे कायम लाल. संध्याकाळी ते घरी आले की आज काय होणार हे मुलगा नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखायचा. ग्लास फुटला, पट्टा. गणितात नापास झाला, पट्टा. पट्टा सापडला नाही तर हाताला लागेल ते. एकदा तर शेगडीची रबरी नळी. बायको मध्ये पडत नसे. ती उठून खिडक्या लावून घ्यायची, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून.

एकोणिसाव्या वर्षी मुलगा घर सोडून गेला. क्रेन चालवायला लागला, लग्न केलं, दोन पोरं झाली. सून काविळीनं गेली तेव्हा थोरली आठ वर्षांची होती, धाकटा चार. मुलगा दारूला शिवत नव्हता, आणि लोकांना त्याचंच केवढं कौतुक! "निर्व्यसनी माणूस, एकट्यानं दोन लेकरं वाढवतोय." तो मारायचा ते पूर्ण शुद्धीत मारायचा.

काका-काकूंना हे कळायला दोन वर्षं लागली. एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर थोरली उभी, भाऊ पाठुंगळीला. बसचे चार थांबे ती तशीच चालत आली होती. धाकट्याचा डावा हात कोपराखाली लोंबत होता आणि तो रडत नव्हता.

"कसं झालं गं?" आजीनं विचारलं.

"जिन्यावरून पडला," थोरली म्हणाली आणि मान वळवून भावाला म्हणाली, "पडलास ना रे?"

"पडलो," धाकटा म्हणाला, पाठ केलेल्या कवितेसारखं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "हे आजचं. आणि हे इथं, वर, जुनं. उपचार न करता आपोआप जुळलंय. हात पिरगाळला की असं मोडतं. पडून नाही." वाकडा जोड ओळखायला काकांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. हाताला प्लास्टर बसल्यावर ते तिथून थेट पोलीस चौकीत गेले.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, मुलं तात्पुरती आजी-आजोबांकडे राहू दिली. कायमची ठेवायची तर कोर्टात ताब्याचा अर्ज करायला हवा होता. तोही पोटच्या मुलाविरुद्ध.

वकीलबाईंची खोली झेरॉक्सच्या दुकानावर होती. शाळेचं पत्र, डॉक्टरांचा अहवाल, मुलं झोपणार त्या खोलीचा फोटो, सगळं एकेक करून जमलं. मग एक दिवस बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, राग मानू नका. समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार. तुमचा मुलगा हे शिकला कुठं?"

 उत्तर काकूंनी दिलं.

"घरीच. हे मारायचे, मी खिडक्या लावायचे. दोघांचंही लिहा."

"लिहिलं तर पोरं जातील आमची," काका म्हणाले.

"जातीलही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही लपवलंत आणि त्यानं ते बाहेर काढलं, तर नक्की जातील."

दोन दिवसांनी काका एकटेच आले. वहीची सहा पानं भरली होती. मापं लिहायची सवय, तसंच ठळक, सुटं अक्षर. कुठल्या वर्षी, कशावरून, कशानं. "नळीचंही आहे त्यात," ते म्हणाले. बाईंनी ते प्रतिज्ञापत्रात उतरवून घेतलं. 

नोटीस मुलाला मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला, तो आला. थोरली शाळेच्या कपड्यांत, काकू तिची वेणी घालत होत्या. दुसऱ्या लाथेला दाराची कडी उखडली. त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

"माझी पोरं बाहेर काढ, थेरड्या!"

"आधी खाली ठेव ते," काका पुढं झाले.

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. तोंडातून दोन दात आणि रक्ताची गुळणी बाहेर आली. काका कोलमडले ते थेट दाराजवळच्या अवजारांच्या पेटीवर. हात आपसूक हातोड्याच्या दांड्यावर गेला. मुलानं तोवर पाठ फिरवली होती, तो आतल्या खोलीकडे निघाला होता. काका उठले. चौतीस वर्षं लोखंडावर पडलेला हात तो. एक घाव पुरला असता. आणि त्यांना तो घालायचा होता. ते नंतर कधीही याबद्दल खोटं बोलले नाहीत.

आतल्या खोलीच्या दारात थोरली उभी होती. तिनं भावाला खाली दाबलं, त्याच्यावर वाकली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. पण तिची नजर बापाच्या सळईवर नव्हती. आजोबांच्या हातोड्यावर होती.

हातोडा फरशीवर पडला. काकांनी मागून मुलाला कवेत आवळलं आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. मुलगा कोपरं मारत होता, टाचांनी नडग्या फोडत होता. काकांची एक बरगडी मोडली, मग दुसरी. बोटं सुटली नाहीत. काकूंनी घरातल्या सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या आणि घसा फाटेस्तोवर ओरडल्या, "मारतोय! माझा मुलगा मारून टाकतोय, या हो कुणीतरी!"

वरचा शिंपी आला, समोरचे दोघे भाऊ आले. पोलीस येईपर्यंत तिघं मिळून मुलाच्या पाठीवर बसून होते.

कोर्टात काका आले तेव्हा अर्धा चेहरा अजून काळानिळा होता. मुलाला पोलिसांनी आणून बसवलं होतं. त्याचा वकील उठला. "यांच्या पट्ट्याखाली माझा अशील लहानाचा मोठा झाला. अशा माणसाच्या हाती मुलं द्यायची?"

न्यायाधीशांनी कागद उलटले. "हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. तुमच्यापेक्षा सविस्तर."

मुलानं त्या दिवशी पहिल्यांदा बापाकडे बघितलं.

"नळीचंपण?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," काका म्हणाले.

ताबा मिळाला सहा महिन्यांपुरता. दर पंधरा दिवसांनी एक अधिकारी बाई घर बघायला येणार, आणि काकांनी एकदा जरी हात उचलला तर मुलं सरकारी वसतिगृहात. पुढं तो ताबा कायम झाला. मुलाला दीड वर्षाची शिक्षा झाली.

सोपं काही नव्हतं. बशी फुटली की धाकटा टेबलाखाली जाऊन बसायचा. डोकं तापलं की काका चपला घालून बाहेर पडायचे आणि इमारतीभोवती फेऱ्या मारायचे.

"आज किती?" काकू विचारायच्या.

"चार."

"मग बरा गेला म्हणायचा दिवस. काल अकरा होत्या."

दर महिन्याला काका तुरुंगात भेटीला जायचे. पहिले दोन महिने मुलगा बाहेरच आला नाही. तिसऱ्यांदा आला, जाळीपलीकडे बसला. 

"पोरं विचारतात का माझं?" मुलानं विचारलं.



"धाकटा नाही विचारत. थोरली विचारते, बाबा कधी सुटणार म्हणून. तू सुटशील त्या दिवसापासून दाराला दोन कड्या लावायच्या म्हणते."

मुलानं मान खाली घातली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी तो उठला नाही; शिपायानं दंडाला धरून उठवलं, तेव्हा गेला.