गच्चीवरच्या गेरूच्या रेघा

नेने सर गेल्याचं काकूंनी मला दारातच सांगितलं. एप्रिलची दुपार. चौथा मजला, वर थेट गच्ची... आत भट्टी पेटल्यासारखं होतं. सर उकाड्याने गेले, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणतो.

सर मला शाळेत चित्रकला शिकवायचे. पुढे डोंबिवलीतल्या एकाच इमारतीत आलो, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. निवृत्तीनंतर सरांना एकच ध्यास होता, गच्चीवर सोलर पॅनल. "अरे, वर सावली, खाली वीज. हिला दमा आहे, खोलीत दिवसभर एसी चालेल." पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते, ते वर्षभर गेरूने आखून ठेवायचे. मधल्या उन्हाच्या तुकड्याला म्हणायचे, "हे आपलं शेत."

परवानगी सोसायटीची हवी होती. वार्षिक सभेत त्यांचा अर्ज मी दरवेळी ऐनवेळच्या विषयांत ढकलायचो, कारण तोवर बटाटेवडे येतात आणि माणसं उठतात. वाद टळतो. इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जाणार, या आशेवर आम्ही साधी गळतीही काढत नव्हतो. "सर, इमारतच पडणारे, तुम्ही वर काय चढवताय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"पडेपर्यंत राहायचंय ना आम्हाला?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वड्यांची बशी पुढे केली.

बिल्डर आमच्याकडे आलाच नाही. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या शेजाऱ्यांकडे गेला. दोन्हीकडे टॉवर चढले. सर शेवटचे भेटले ते गच्चीवर, हातात गेरूचा डबा. "ह्या सावलीची रेघ कुठे मारू रे?"

ते गेल्यावर सभेत श्रद्धांजली वाहिली आणि पॅनलचा ठराव एकमताने मंजूर झाला. या वेळी विषय मी पहिला घेतला होता. सोलरवाला आला, गच्चीभर फिरला आणि म्हणाला, "साहेब, स्लॅब तापेल एवढं ऊन येतंय. एसी चालेल एवढं नाही."

काकू अजून त्याच खोलीत आहेत, टेबलफॅनसमोर. गेरूचा डबा त्यांनी मला दिला. दुपार कलली की मी वर जातो. पश्चिमेच्या टॉवरची सावली टाकीच्या रेघा ओलांडते, शेत गिळते, पलीकडच्या कठड्यावर चढते. मी ब्रश बुडवून उभा राहतो... रेघ मारायला गच्चीच उरत नाही.